सत्यनारायणालाही विल्नव्हच बोलवा!

पुन्हा तेच. ‘एलियन’ या हॉलिवूडच्या सिनेमालिकेचा पुढचा भाग कोणत्या दिग्दर्शकाने करावा, यावर काल टपरीवर दीड तास. माझ्या कटिंगवर साय धरली, तरी निकाल नाही.

एकाचं ठरलेलं पालुपद, "रिडली स्कॉटलाच द्या, पहिला भाग त्याचाच, पोर त्याचं आहे." अरे, दिलं होतं की! २०१२ साली त्याचा याच मालिकेतला ‘प्रोमिथियस’ आला, तेव्हा हाच गडी थिएटरच्या पार्किंगमध्ये हेल्मेट हातात धरून पाऊण तास शिव्या घालत होता. दुसऱ्याला जेम्स कॅमेरॉनशिवाय कोणी चालत नाही. १९८६ साली कॅमेरॉनने दुसरा भाग केला, तेव्हा त्याच्या नावावर धड म्हणावा असा एक ‘टर्मिनेटर’ होता. तेव्हा या मंडळींना विचारलं असतं, तर "हा कोण?" म्हणून नाकं मुरडली असती. तिसरा विल्नव्हवाला, म्हणजे ‘ड्यून’च्या दिग्दर्शकाचा भक्त. हा उद्या घरच्या सत्यनारायणालाही भटजी म्हणून डेनिस विल्नव्हलाच बोलावेल.

बरं, दिग्दर्शक चांगला की काम झालं, असं असतं तर १९९२ च्या तिसऱ्या भागाचं काय? डेव्हिड फिंचरच होता ना? पटकथा धड तयार नसताना शूटिंग सुरू, वर स्टुडिओची ढवळाढवळ. नंतर त्याने स्वतःच त्या सिनेमावरून हात झटकले.

मी चुकून विचारलं, "पण गोष्ट काय असेल?" तिघंही असे बघायला लागले, जणू मी चहाचे पैसे बुडवलेत.

दिले मीच. चौघांचे.