मामाची पोरगी, नातवाची तहान आणि माझं चुकलेलं एक वाक्य

काका, नमस्कार.

माझ्या भाच्याची, म्हणजे भावाच्या मुलाची, किडनी जीनच्या दोषानं गेली त्याबद्दल मी लिहिलं होतं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, एकदा रागात आणि एकदा लॅबमधून घरी येऊन चहा घेतल्यावर. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका निपाणीकडचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या मामाच्या मुली केल्यात, त्यांनी स्वतःही केलीय आणि कुणाचीच किडनी गेली नाही. आईबाप दोघं ठणठणीत असताना पोराला जीनचा आजार कुठनं आला, हे सगळं बोअरचं पाणी आणि पाकिटातलं खाणं असं त्यांचं म्हणणं. पंचवीस हजारांच्या जीनच्या टेस्टनं आजार बरा होत नसेल तर ती करायची कशाला, असा एक प्रश्न, आणि तुमच्यासारख्यांच्या लिहिण्यानं पोरींच्या सोयरिकी मोडतात, असा एक टोला. शेवटी जाता जाता एक ओळ, 'आमचा नातू पण रात्री उठून पाणी पितो, म्हणून काय तो पेशंट झाला?' त्या ओळीकडं येते मी, विसरले नाही.

आधी माझी चूक. मी लिहिलं होतं 'हा आजार नात्यातल्या लग्नामुळं होतो'. हे वाक्य चुकलंच. भाचा ॲडमिट होता तेव्हा शेजारच्या कॉटवर जे पोरगं होतं त्याला हाच आजार, आणि त्याचे आईबाप दोन वेगळ्या जिल्ह्यांतले, दूरदूरपर्यंत नातं नाही, आणि हे माहीत असूनसुद्धा मी ते वाक्य ठोकून दिलं. दुरुस्त केलंय. नात्यातलं लग्न दोष तयार करत नाही, आधीपासून घरात लपून असलेल्या दोन सारख्या गोष्टी एकाच पोरात भेटायची शक्यता वाढवतं, एवढंच. पण 'एवढंच' म्हणजे किती ते पण बघू की.

आजाराचं नाव नेफ्रॉनोफ्थायसिस. म्हणजे नेफ्रॉनचा, किडनीतल्या गाळणाऱ्या बारीक नळ्यांचा, क्षय, टीबीशी काही संबंध नाही, झिजणं या अर्थानं. फँकोनी नावाच्या डॉक्टरांनी १९५१ साली हे नाव वापरलं आणि त्यातला पहिला जीन सापडला १९९७ मध्ये, एनपीएचपी१, दुसऱ्या क्रोमोझोमवर. आता असे वीसपेक्षा जास्त जीन माहीत आहेत, पण सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो हाच, साधारण २० टक्के पोरांत. भाच्याचा पण हाच.

आता होतं काय, ते मला जसं समजलं तसं सांगते. किडनीच्या नळीतल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला एक बारीक केस असतो, सिलिया म्हणतात, नळीच्या पोकळीत उभा, मलप्रभेच्या पात्रात लव्हाळी उभी असते तसा. २००० सालाच्या आसपासपर्यंत बऱ्याच जणांना तो निरुपयोगी अवशेष वाटायचा. पण तो पेशीचा अँटेना निघाला, बाहेरचे निरोप घेऊन आत पोचवणारा. आणि त्या केसाच्या बुडाशी एक नाका असतो. तुम्ही निपाणीचे, तुम्हाला कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरचा कोगनोळीचा नाका सांगायला नको, कोरोनात कुणाला सोडलं आणि कुणाला परत पाठवलं ते सगळं बघितलंय आपण. तसाच नाका, कुठलं प्रोटीन केसात जाणार आणि कुठलं नाही ते तिथं ठरतं. एनपीएचपी१ जीन जे प्रोटीन बनवतो ते या नाक्यावरचा माणूस. माणूसच नाही म्हटल्यावर निरोप चुकतात, नळ्या हळूहळू सुकतात, मध्ये चट्टे पडतात, पाण्याच्या बारीक गाठी येतात आणि किडनी आक्रसत जाते. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना पण असाच नाका असतो म्हणून या आजाराच्या १०-१५ टक्के पोरांची नजर पण जाते, कुणाचं लिव्हर, कुणाचा मेंदूचा तोल, जीन कुठला त्यावर.

भाच्याच्या बाबतीत जीनमध्ये डीएनएचं एखादं अक्षर चुकलेलं नव्हतं, अख्खा जीनच गायब, आजूबाजूच्या मजकुरासकट जवळजवळ २ लाख ९० हजार अक्षरांचा तुकडा. कसा जातो हे जेनेटिक काउन्सेलर मॅडमनी सांगितलं ते मला फार आवडलं. पोथी उतरवून घेताना एकच ओळ दोन ठिकाणी आली की नजर पहिलीवरून दुसरीवर उडी मारते आणि मधलं पानच्या पान राहून जातं ना, तसं. या जीनच्या दोन्ही बाजूंना सारखाच मजकूर आहे त्यामुळं ही चूक इथं परत परत होते, जगात कुठंही, कुठल्याही जातीत. शेजारच्या कॉटवरचं पोरगं म्हणूनच.

बोअरच्या पाण्याबद्दल. पाण्यानं किडन्या जात नाहीत असं मी म्हणत नाही, आंध्रात उद्दानमला अख्ख्या पट्ट्यात किडनीचा आजार आहे आणि कारण अजून नक्की नाही, पण तिथं पेशंट बहुतेक मोठी शेतात राबणारी माणसं. आमच्याकडं त्याच माठातलं पाणी भाची, भाच्याची सख्खी बहीण, पण पिते, मी पण पिते. आणि पाकिटातल्या कुरकुरीनं क्रोमोझोमचा तुकडा जात नाही हो काका.

आईबाप ठणठणीत कसे? कारण या जीनच्या प्रत्येकाकडं दोन प्रती असतात आणि एक धड असली की भागतं. माझा भाऊ आणि वहिनी, वहिनी म्हणजे आमच्या मामाचीच मुलगी, दोघांकडं एकेक प्रत गायब आणि एकेक धड, अशांना वाहक म्हणतात. आमच्या आजोबांकडं ही एक गायब प्रत होती असं धरा, तर आते-मामे भावंडांच्या पोरात दोन्हीकडनं तीच येऊन भेटायची शक्यता ६४ मध्ये १. कन्नड घरांत अक्कन मगळूशी लग्न करतात, मामा-भाची, तिथं ३२ मध्ये १. म्हणजे तुमच्या तीन पिढ्यांत कुणालाच झालं नाही यात नवल काही नाही, बहुतेकांना होतच नाही. पण एकदा एक पोर निघालं की मग पुढच्या प्रत्येक खेपेला ४ मध्ये १, दरवेळी नव्यानं.

आणि 'आमच्यात कुणाला नव्हतं' हे आपल्याला कितपत माहीत असतं? माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ बाराव्या वर्षी गेला. खानापूरकडं अजून म्हाताऱ्या बायका सांगतात, 'पांढराफटक पडला होता, पाणी पाणी करत गेला.' तोच आजार होता असं मी म्हणत नाही, तेव्हा क्रिएटिनिन, किडनी किती चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी, कोण करत होतं. पण या आजारात किडनी पूर्ण थांबायचं वय मध्यावर धरलं तर साधारण १३ आहे, एवढं लक्षात ठेवा. सगळे लहानपणीच सापडतात असं पण नाही. २०१८ च्या एका अभ्यासात मोठेपणी किडनी गेलेल्या आणि बदललेल्या ५६०६ जणांचा डीएनए बघितला, २६ जणांच्यात हा तुकडा दोन्हीकडनं गायब होता आणि त्यातल्या फक्त तिघांच्या कागदावर या आजाराचं नाव होतं. बाकीच्यांना दुसरंच काहीतरी लिहून दिलेलं.

टेस्टनं आजार बरा होत नाही, बरोबर. पण आमच्या घरात काय झालं ते सांगते. भाचा आजारी पडल्यापासून वहिनीनं काय काय ऐकलं, ग्रहण पाळलं नाही, डोहाळ्यात माती खाल्ली, आणि हे बोलणाऱ्यांत माझी सख्खी आई पण होती, स्वतःच्या भावाच्या मुलीला. रिपोर्ट आला त्यादिवशी मी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून तिला वाचून दाखवला. वडील, एक प्रत नाही. आई, एक प्रत नाही. ती म्हणाली, 'म्हणजे दोघांचं अर्धं अर्धं?' मी म्हटलं होय. काही बोलली नाही, ताट वाढून घेतलं आणि जेवली, दोन भाकऱ्या, किती महिन्यांनी कोण जाणे. मग पुढचं. बायोप्सी टळली, स्टिरॉइड टळलं, ते या आजारात कामाचं नाही. डोळे तपासून झाले, नीट आहेत. हा आजार बदललेल्या किडनीत परत येत नाही हे कळलं, आणि आईबाप वाहक असले तरी सगळ्या तपासण्या नीट आल्या तर देऊ शकतात, म्हणून भावाच्या तपासण्या चालू आहेत. भाचा तोवर आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला जातो, शाळेचं पुस्तक घेऊन. पंचवीस हजार लई आहेत, मला पण हप्त्यानं गेले. आणि टेस्ट करणार असाल तर आधी विचारून घ्या की मोठा तुकडा गेलेला त्यात दिसतो का, काही टेस्टा अक्षरं वाचतात आणि गायब पान त्यांना कळत नाही, मग रिपोर्ट निगेटिव्ह.

सोयरिकीचं तुमचं म्हणणं मला लागलं, खरंच. भाची सोळा वर्षांची आहे. तिचं क्रिएटिनिन, सोनोग्राफी नीट आली, वर्षातनं एकदा करतो. पण ती वाहक आहे का, तीनात दोन शक्यता आहे, ती टेस्ट आम्ही मुद्दाम केली नाही. काउन्सेलर मॅडम म्हणाल्या मोठी झाल्यावर तिला ठरवू दे. मागच्या लिखाणातनं गावाचं नाव पण मी काढलं, तुमच्यामुळं. मात्र वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे पोराकडच्यांना सांगायची लाज आपल्याला का वाटते ते कळत नाही.

आता नातू.

काका, आमचा भाचा पाच वर्षांचा असताना अंथरूण ओलं करायचा थांबला होता आणि आठव्या वर्षी परत सुरू झालं. सगळे म्हणाले लाडावलाय. म्हणून आम्ही संध्याकाळी सातनंतर त्याचं पाणी बंद केलं. मी पण होते त्यात. एका रात्री दोन वाजता न्हाणीत आवाज आला, बघते तर हा बादलीत तांब्या बुडवून पाणी पितोय, अंधारात, लाईट लावला तर आपण ओरडू म्हणून. कैरी नसली तरी नुसतं मीठ चाटायचा, दोन वर्षं एकच युनिफॉर्म बसत होता आणि त्याचं आम्हाला कौतुक, कपडा टिकतो म्हणून. शुगर केली, नॉर्मल. हिमोग्लोबिन ७ आलं तर लोहाचं औषध दिलं कुणीतरी. लघवी तपासली ती मीच, माझ्या हातानं, १४ वर्षं हेच काम करते मी. प्रोटीन नाही, रक्त नाही, साखर नाही. सकाळची पहिली लघवी होती आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५, म्हणजे जवळजवळ पाणीच, रात्रभर झोपून उठलेल्या पोराची एवढी पातळ नसते. मी आकडा लिहिला आणि पुढचं सॅम्पल घेतलं. तेव्हाच क्रिएटिनिन लावलं असतं तर... ते झालं सात महिन्यांनी, ४.८, म्हणजे किडनी बरीच गेलेली.

तुमच्या नातवाला हे असेल असं मला अजिबात वाटत नाही, रात्री पाणी पिणारी शंभर पोरं असतात आणि जवळजवळ सगळी ठीक असतात. पण त्याची उंची बघा, अंथरूण परत ओलं व्हायला लागलंय का ते सुनेला विचारा, तुम्हाला सांगणार नाही ती. क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, शुगर, सकाळची पहिली लघवी, बीपी आणि पोटाची सोनोग्राफी, निपाणीतच होतं सगळं, पंचवीस हजार लागत नाहीत. लघवीचा रिपोर्ट नॉर्मल म्हणाले तरी तो ग्रॅव्हिटीचा आकडा स्वतः वाचा. आणि रिपोर्ट येईपर्यंत त्याचं पाणी बंद करू नका.