बाहेरचे गेम खपत नाहीत असं कसं म्हणता?
एका लेखात म्हटलंय की निन्टेन्डो या गेम कंपनीच्या मशीनवर (म्हणजे स्विचसारख्या कन्सोलवर) बाहेरच्या कंपन्यांचे गेम खपत नाहीत, लोक फक्त मारिओ, झेल्डा हे निन्टेन्डोचेच गेम घेतात. अर्धंच खरं आहे राव. मारिओ कार्ट ८ डिलक्स स्विचवर ६ कोटींच्या वर गेला हे मान्य, पण तो दुसरीकडे मिळतच नाही ना, सगळा आकडा एकाच मशीनवर दिसणार. बाहेरच्या कंपनीचा जीटीए ५ (ग्रँड थेफ्ट ऑटो ५) बघा, २०१३ चा गेम, २० कोटींच्या पुढे गेलाय, पण ते प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीसी सगळं धरून, मग एका कन्सोलच्या यादीत तो छोटाच वाटणार.

आणि किंमत? निन्टेन्डो स्वतःचे गेम सहसा स्वस्त करत नाही, पाच वर्षं जुना गेमही जवळपास त्याच भावात, बाहेरचे मात्र काही महिन्यांत सेलमध्ये येतात. मी स्वतः विचर ३ हा बाहेरचा गेम पीसीवर सेलमध्ये घेतला, स्विचवर तोच धूसर ग्राफिक्समध्ये कशाला खेळू? म्हणजे मी गिऱ्हाईक आहेच की, फक्त स्विचच्या हिशोबात नाही. बाकी बाहेरचा गेम विकला तरी स्टोअरचं कमिशन कन्सोलवाल्यालाच, त्यामुळे त्यांचं काही बिघडत नाही 😄