डुअल बूटला घाबरवणारा मेसेज चुकीच्या जागी बोट ठेवतो

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ज्यांच्या मशीनवर चालत नाही त्यांना तेव्हापासून एक सल्ला सर्रास मिळतो: विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, म्हणजेच डुअल बूट करा. त्यावर उतारा म्हणून एक मेसेज ग्रुपांमधून फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकू नका. विंडोज आज ना उद्या उडतेच, मशीन मंदावते, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारे संरक्षण) कायमचे बंद ठेवावे लागते, घड्याळ बिघडते, वॉरंटी जाते. लिनक्सची हौसच असेल तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे विंडोजच्या आतच चालणारे आभासी मशीन, पुरे, कारण एकदा टाकलेले लिनक्स परत काढता येत नाही.

यातली काही विधाने पंधरा वर्षांपूर्वी खरी होती. पण ज्या दोन गोष्टींमुळे आज लोकांचा डेटा खरोखर अडकतो, ती डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची की आणि विंडोज लवकर सुरू करणारे फास्ट स्टार्टअप, त्यांचे नावही या मेसेजमध्ये नाही. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. उदाहरण विंडोज १० किंवा ११ आधीपासून असलेल्या लॅपटॉपवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारांपैकी एक टाकण्याचे.

‘लिनक्स टाकले की विंडोज उडते’

ही भीती जुन्या बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या जुन्या मूळ सॉफ्टवेअरच्या, काळातली. तेव्हा डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये बूटचा कोड असे आणि तिथे एकालाच जागा होती. जो शेवटी इन्स्टॉल होई तो आधीच्याला पुसून टाकी. विंडोज पुन्हा टाकले की लिनक्सचा मेनू गायब, आणि लिनक्सचे पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) उडवले की पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’. ग्रब म्हणजे लिनक्सचा बूट मेनू दाखवणारा प्रोग्राम.

विंडोज ८ सोबत, म्हणजे २०१२ पासून, बाजारात आलेले बहुतेक लॅपटॉप बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआयवर चालतात. त्यात ईएफआय नावाचे एक छोटे फॅट३२ पार्टिशन असते आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचा स्वतंत्र फोल्डर असतो: एक मायक्रोसॉफ्टचा, एक उबुंटूचा. कोणाला आधी सुरू करायचे याची यादी मदरबोर्डवरच्या मेमरीत राहते. एकाने दुसऱ्याच्या फोल्डरला हात लावण्याचे कारणच उरत नाही. विंडोज हे पार्टिशन सहसा १०० एमबीचेच करते. उबुंटूला त्यातले थोडेच एमबी लागतात, कारण त्याचे कर्नल (सिस्टिमचा गाभा) त्याच्या स्वतःच्या पार्टिशनवर असतात. लिनक्सचे पॉप ओएससारखे काही प्रकार कर्नलही तिथेच ठेवतात, त्यांना १०० एमबी पुरत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने म्हणूनच उबुंटू किंवा मिंट घ्यावे.

मग लोकांना ‘लिनक्स गेले’ असे का वाटते? विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ पुन्हा वर येतो. लिनक्स जागच्या जागी असते. मशीन सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून त्याच्या सेटअपमध्ये जा, बूट क्रमात उबुंटू वर घ्या, सेव्ह करा. उलटेही घडते: ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नाही. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधण्याचे काम मुळात बंद ठेवले आहे. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘डिसेबल ओएस प्रोबर’ ही ओळ ‘फॉल्स’ करून ग्रब अपडेट करा, विंडोज यादीत येते.

विंडोज खरोखर पुसले जाते ते इन्स्टॉलरच्या एकाच पडद्यावर. तिथे ‘विंडोज बूट मॅनेजरच्या शेजारी इन्स्टॉल करा’ आणि ‘डिस्क पुसून इन्स्टॉल करा’ असे पर्याय असतात. पहिला पर्याय दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, त्यामागे कारण असते. एक तर इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह वेगळ्या मोडमध्ये सुरू झाला आहे. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये बायोस मोड यूईएफआय असेल तर पेनड्राइव्हचीही यूईएफआय लिहिलेलीच नोंद निवडा. किंवा डिस्क इंटेलच्या आरएसटी किंवा रेड या खास मोडमध्ये आहे आणि लिनक्सला ती दिसतच नाही. अशा वेळी सेटअपमध्ये थेट एएचसीआय हा साधा मोड करून टाकला तर विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून अडते. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन या आणि ती सेटिंग काढा. सेफ मोडमध्ये विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर चालू करून घेते.

जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर आणखी एक सापळा आहे. तिथे प्रायमरी पार्टिशन फक्त चार असू शकतात. चार आधीच असतील आणि तुम्ही डिस्क मॅनेजमेंटमधून पाचवे करायला गेलात तर विंडोज ‘डिस्क डायनॅमिक होईल’ असे विचारते. ‘नाही’ म्हणा. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कवर ही अडचण नाही, तिथे विंडोज १२८ पार्टिशनपर्यंत जागा ठेवते.

मेसेजच्या बाजूने एक घटना मान्य केलीच पाहिजे. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटची एसबॅट नावाची, जुने असुरक्षित बूट प्रोग्राम अडवणारी यादी बदलली. डुअल बूट मशीनवर ती लागू होणार नव्हती, पण बऱ्याच मशीनवर झाली आणि जुना शिम (लिनक्सचा सर्वात आधी चालणारा, सही असलेला बूट प्रोग्राम) असलेले लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणून सुरूच होईना. डेटा कोणाचाही पुसला गेला नव्हता. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समध्ये जायचे, मोकयुटिल या कमांडने ते एसबॅट धोरण काढायचे, शिम अपडेट करायचा आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे, हा उपाय होता. धडा एवढाच की लिनक्सची बाजू महिनोन्महिने अपडेट न करता पडू देऊ नये.

मेसेज जे सांगत नाही: बिटलॉकर

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचेच साधे रूप) आपोआप चालू होते, होम आवृत्तीतसुद्धा. बऱ्याच जणांना आपली डिस्क कुलूपबंद आहे हेच माहीत नसते. या कुलपाची किल्ली टीपीएम या सुरक्षेच्या चिपमध्ये असते आणि मशीन नेहमीच्याच पद्धतीने सुरू झाले तरच चिप ती देते. सिक्युअर बूट चालू-बंद केले किंवा ग्रबमधून विंडोज सुरू केले तर चिपकडे असलेले सुरू होण्याच्या पद्धतीचे मोजमाप बदलू शकते, आणि मग निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. की नसेल तर तो डेटा कोणीही परत काढून देऊ शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी सगळ्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. मग सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का पाहा. असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की काढून कागदावर लिहा. लॅपटॉप कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या खात्याने सुरू केला असेल तर की त्या संस्थेच्या खात्यात असते. ती आत्ताच मागून घ्या. सेटअपमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, म्हणजे तात्पुरते थांबवा. पुढेही ग्रबमधून गेल्यावर की मागितली जात असेल तर विंडोज ग्रबमधून न उघडता एफ१२ सारख्या बूट मेनूतून थेट निवडा.

मेसेज जे सांगत नाही: फास्ट स्टार्टअप

विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोज आपल्या गाभ्याची स्थिती हायबरनेशनच्या फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. सी ड्राइव्ह तिच्या लेखी अजून उघडाच असतो. मधल्या काळात लिनक्समधून तिथे काही लिहिले, तर परतलेले विंडोज जुन्याच आठवणीवर काम करते आणि फायली खराब होतात. हे टाळण्यासाठीच लिनक्स असा ड्राइव्ह नुसता वाचायला देते किंवा जोडायलाच नकार देते. त्यावर ‘जबरदस्तीने कसे जोडायचे’ याचे उपाय शोधू नका. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘पॉवर बटणे काय करतील ते निवडा’, आणि तिथली ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. मोठ्या अपडेटनंतर ती पुन्हा तपासा. घाईत असाल तर ‘रीस्टार्ट’ करून लिनक्सकडे जा, रीस्टार्टमध्ये फास्ट स्टार्टअप वापरले जात नाही.

दोन्हीकडे लागणाऱ्या फायलींसाठी सी ड्राइव्ह न वापरता वेगळे एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅटचे पार्टिशन करावे, हे सगळ्यात बरे.

‘मशीन मंदावते’

बंद असलेली सिस्टिम ना रॅम खाते ना प्रोसेसर. ती फक्त डिस्कवर जागा अडवते. सुरू होताना ग्रबचा मेनू सहसा १० सेकंद थांबतो, तो ३ वर आणता येतो. मंदपणा येतो तो जागा चुकीची वाटल्यामुळे: सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की अपडेट रखडतात. २५६ जीबीच्या एसएसडीवर लिनक्सला ६० जीबी पुरतात. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळे पार्टिशन नको, उबुंटू स्वॅप फाइल वापरते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर ‘श्रिंक व्हॉल्यूम’ घ्या आणि आकडा एमबीमध्ये टाका: ६१४४०. मोकळी झालेली जागा विंडोजमध्ये फॉरमॅट करू नका, तशीच ‘अनअलोकेटेड’ राहू द्या.

बरीच जागा रिकामी असूनही विंडोज थोडीच कमी करू देत असेल, तर मध्ये हलवता न येणाऱ्या फायली आहेत: हायबरनेशन, पेज फाइल, रिस्टोअर पॉइंट. तिन्ही तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, जागा कमी करा, मग पेज फाइल आणि रिस्टोअर पुन्हा चालू करा.

‘सिक्युअर बूट कायमचे बंद ठेवावे लागते’

नाही. उबुंटू २०१२ च्या १२.१० आवृत्तीपासून सिक्युअर बूटसह चालते. त्याचा शिम मायक्रोसॉफ्टच्या सहीचा असतो. मिंट, फेडोरा, डेबियन यांचेही तेच. एनव्हिडियाचा किंवा व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर टाकताना इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल मॉक’ (ड्रायव्हरची सही मान्य करायची का) असे विचारतो. तो पडदा काही सेकंदांचाच असतो. तो निसटला की ड्रायव्हर चालत नाही, आणि लोक सिक्युअर बूटला दोष देऊन ते बंद करतात. काही नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचे ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्र मुळात बंद असते. सेटअपमध्ये तेवढे चालू करायचे, अख्खे सिक्युअर बूट बंद करायचे नाही.

‘घड्याळ बिघडते’

बिघडत नाही, दोघांची वाचण्याची पद्धत वेगळी आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज त्याच आकड्याला स्थानिक वेळ समजते. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा, म्हणून लिनक्समधून आल्यावर संध्याकाळी ६ वाजता विंडोज दुपारचे १२.३० दाखवते. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला सांगा, एका ओळीचे काम आहे. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत हा मार्ग टाळतात, कारण घड्याळ बदलण्याच्या दिवशी दोन्ही सिस्टिम तास सरकवू शकतात. इंग्लंड-अमेरिकेत असाल तर उलट करा: विंडोजच्या रजिस्ट्री या सेटिंगच्या साठ्यात टाइमझोनच्या नोंदीखाली ‘रिअल टाइम इज युनिव्हर्सल’ची किंमत १ करून विंडोजला जागतिक वेळ वाचायला लावा.

‘वॉरंटी जाते’

वॉरंटी असते ती स्क्रीन, बॅटरी, बोर्ड अशा भागांची, आणि पार्टिशन केल्याने त्यातले काही बदलत नाही. तरी आपल्या कार्डावरच्या अटी वाचा. विंडोजचा परवानाही जात नाही. विंडोजसह विकलेल्या मशीनमध्ये त्याची की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच असते. दुरुस्तीला देताना मात्र लक्षात ठेवा की सर्व्हिस सेंटरमध्ये विंडोज नव्याने टाकले तर अख्खी डिस्क पुसली जाऊ शकते. बॅकअपशिवाय मशीन देऊ नका, मग त्यावर एक सिस्टिम असो की दोन.

‘व्हर्च्युअल मशीन पुरे’

लिनक्सच्या कमांड, पायथन किंवा सर्व्हर शिकायचा असेल तर खरोखर पुरते. १६ जीबी रॅमच्या मशीनवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी मायक्रोसॉफ्टची सोय) हा उत्तम मार्ग आहे; तिथे डिस्कला हात लावू नका. पण ८ जीबीच्या मशीनवर व्हर्च्युअल मशीनला ४ जीबी दिले की दोघांचीही ओढाताण होते. आणि मूळ प्रश्न सपोर्ट संपलेल्या विंडोज १० चा असेल तर हा उपाय मुळातच लंगडा आहे: आतले लिनक्स कितीही ताजे असो, ते उभे असते त्याच असुरक्षित विंडोजवर. डुअल बूटमध्ये बँक, मेल आणि ब्राउझिंग लिनक्सकडे न्यायचे आणि टॅली, जुन्या फाँटांतले मराठी डीटीपी, विंडोजवरच चालणारा डिजिटल सहीचा टोकन यांपुरते विंडोज उघडायचे. नेटशिवाय होण्यासारखी कामे नेट बंद ठेवूनच करा.

‘लिनक्स काढता येत नाही’

येते, फक्त क्रम उलटा करू नका. पार्टिशन आधी उडवले तर ग्रबला त्याची सेटिंग सापडत नाही आणि पडद्यावर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट उरतो. तेव्हाही विंडोज शाबूत असते, एफ१२ ने निवडता येते. नीट करायचे तर आधी सेटअपमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर घ्या आणि विंडोज थेट सुरू होते याची खात्री करा. बिटलॉकर असेल तर याआधीही सस्पेंड करा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचे पार्टिशन ओळखा: त्याला ड्राइव्हचे अक्षर नसते, आकार तुम्ही दिलेला असतो. शेजारचे १०० एमबीचे ईएफआय आणि काही शे एमबीचे रिकव्हरी पार्टिशन विंडोजचे आहे, त्यांना हात लावू नका. लिनक्सचे डिलीट करा आणि सी वर ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ घ्या. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवे आले तर हा पर्याय फिकट दिसतो. अशा वेळी मोकळ्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करणे सगळ्यात सोपे. शेवटी ॲडमिन टर्मिनलमधून ईएफआय पार्टिशनला माउंटव्हॉल या कमांडने अक्षर देऊन उबुंटूचा फोल्डर काढा, आणि बूट यादीतली त्याची नोंद बीसीडीएडिट या कमांडने किंवा सेटअपमधूनच पुसा.