टोपली कारवी म्हणजे खुरटलेली कारवी नव्हे
‘पठारावरच्या वाऱ्याने खुरटलेल्या कारवीलाच टोपली कारवी म्हणतात’ हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. डोंगरउतारावर पुरुषभर उंच वाढते आणि जिच्या काठ्यांचे कूड (घराच्या भिंती) घालतात, ती कारवी वेगळी. टोपली कारवी साताऱ्याजवळच्या कासच्या उघड्या पठारावर गोल झुडपासारखी, जेमतेम गुडघ्याएवढी राहते. तिच्या खरखरीत, केसाळ पानांना देठच नसतो. एवढं पाहिलं तरी फरक कळतो.

दोघीही कैक वर्षांनी एकदा बहरतात, टोपली साधारण 7 वर्षांनी, म्हणून गोंधळ होत असावा. मधल्या वर्षांत मात्र ही नुसती हिरवी झुडपं समजून लोक फोटोसाठी त्यांच्यात बिनदिक्कत बसतात. कासला हे बघून माझा जीव तुटतो. त्याबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.