पोरगं काय होणार ते राहू दे, दिवसभर काय करणार ते बघू

परवा दहावीचा निकाल लागला, माझ्या भाच्याला ८४ टक्के पडले. पेढे अजून तोंडात होते तोवर बहिणीचा फोन, "ताई, सायन्सच घ्यायचं ना गं?" म्हटलं अगं विचारतेयस का सांगतेयस? कारण मला माहीत होतं, पेपर संपले त्याच आठवड्यात एका क्लासवाल्यांच्या सेमिनारला जाऊन बाईसाहेब पाच हजार टोकन भरून आल्यात.

त्या सेमिनारला मी पण होते. मला मुद्दाम नेलेलं, "तू इंजिनियर आहेस, तुला कळतं" म्हणून. (मी डिप्लोमावाली, पण आमच्या घरात सगळे इंजिनियरच म्हणतात, दुरुस्त करायचं मी कधीच सोडून दिलंय.) मंगल कार्यालयाचा हॉल, फुकट चहा, पडद्यावर एक मोठं झाड आणि त्याच्या फांद्यांना डॉक्टर, इंजिनियर, सीए, वकील असं सगळं आंब्यासारखं लटकवलेलं. झाड पंधरा मिनिटं. पुढचा सव्वा तास नीट आणि जेईई, आणि शेवटी फीचं पत्रक. कॉलेजला जायची गरज नाही, हजेरीचं आमचं टायअप आहे, प्रॅक्टिकलला वर्षाच्या शेवटी जाऊन यायचं, हे सगळं राजरोस माईकवरून, आणि पालक माना डोलावतायत.

मध्येच मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "सर, एनडीएला काय लागतं? मुलींना घेतात ना आता?" सर म्हणाले, आधी नव्वदच्या वर आण, मग बघू. हॉल हसला, मुलगी बसली खाली.

मला त्या हसण्याचा अजून राग येतो. कारण उत्तर दोन मिनिटांचं होतं. हो, २०२२ पासून मुली खडकवासल्याच्या त्या लष्करी अकादमीत जातायत. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, आर्ट्सची सुद्धा, पण नेव्ही आणि एअरफोर्स पाहिजे असेल तर फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स पाहिजे. दहावीनंतर दोन वर्षं तयारी करून घेणारी सरकारी संस्था संभाजीनगरला १९७७ पासून आहे, आणि मुलींसाठी आता नाशिकला झालीय. बास, एवढंच. आता ही मुलगी नीटच्या नादात मॅथ्स सोडून बायोलॉजी घेऊन बसली तर बारावीनंतर तिला कळणार की दोन दारं आपण स्वतःच्या हातानं लावून घेतली. दहावीच्या पोराला कुठल्या दारातून आत जायचं हे ठरवता आलं नाही तरी चालतं हो, पण कुठला विषय सोडला की कुठलं दार बंद होतं एवढं तरी कोणी सांगा की. सायन्सवाला नंतर आर्ट्स कॉमर्सला येऊ शकतो, उलटी गाडी जवळजवळ नाहीच. मॅथ्स नाही तर मर्चंट नेव्हीत डेक ऑफिसर, म्हणजे जहाज चालवणारा, होता येत नाही. हे झाडावर कुठंच नव्हतं.

आणि आकड्यांचं म्हणाल तर २०२४ ला नीटला २३ लाखांच्या वर पोरं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्याशा वर. म्हणजे वीसातली एकोणीस पोरं दुसरं काहीतरी करणार हे बसायच्या आधीच ठरलेलं आहे. त्या एकोणीस जणांनी काय करायचं याचा सेमिनार मी अजून बघितला नाही.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. दोन तासांत एकदाही कोणी असं बोललं नाही की डॉक्टर सकाळी उठून काय करतो. इंजिनियर नऊ वाजता कामावर गेला की नेमकं काय करतो. झाडावर पदव्या होत्या, काम कुठंच नव्हतं.

माझंच सांगते. १९९८ ला दहावी, ७१ टक्के, त्या काळात आमच्या गल्लीत ७१ म्हणजे हत्तीवरून साखर. सगळे म्हणाले सायन्स, मी घेतलं सायन्स. बारावीला फिजिक्समध्ये गेले. ऑक्टोबरला परत बसले, परत गेले. वर्षभर घरात बसून भाकऱ्या थापल्या, लग्नाकार्यात जायला नको वाटायचं, कोण काय विचारेल. मग वडिलांच्या ओळखीतले एक काका होते, फौंड्रीत फोरमन, ते म्हणाले दहावीच्या मार्कांवर डिप्लोमाला मिळतंय की, बारावी कशाला पाहिजे त्याला. हे तीन वर्षं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं! मेकॅनिकलला साठ पोरांत आम्ही तिघी. आणि गंमत म्हणजे तोपर्यंत मी आयुष्यात लेथ मशीन बघितलं नव्हतं. ज्या दिवशी पहिल्यांदा चालू मशीनपुढं उभी राहिले, निळसर चिप्स सुटतायत, कूलंटचा तो वास, त्या दिवशी वाटलं अरे हे मला तीन वर्षं आधी कोणी दाखवलं असतं तर. मार्क पुढं कमी आले, जास्त आले, पण त्या कामाचा कंटाळा म्हणून कधी आला नाही. आज वीस वर्षं झाली, कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटी बघते. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा, येतं, आमच्याकडं मशीनिंग होतं, आणि मी मोजते. दिवसभर मोजते. हे माझं करियर.

तर एप्रिलमध्ये मी एक उद्योग केला. ओळखीच्या एका सरांना म्हटलं, पेपर संपलेली पोरं घेऊन या आमच्या शॉपमध्ये, अर्धा दिवस. मालक आधी नाहीच म्हणत होते, "कोणाला लागलं तर कोण बघणार?" आणि त्यांचं काही चूक नाही. शेवटी ठरलं की पिवळ्या पट्टीच्या आत कोणी पाय टाकायचा नाही, चपलावाल्याला आत घ्यायचं नाही, फर्नेसकडं जायचं नाही. चौदा पोरं आली, त्यात सात मुली, आणि माझा भाचा, तो आईच्या धाकानं आलेला, तोंड एवढंसं करून.

मशीन बघून पोरं जरा दबली. मग मी सगळ्यांना इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी आणलं, मायक्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक जाडी मोजायचं हत्यार, काढला आणि म्हटलं एक केस द्या कोणाचातरी. एका मुलीनं वेणीतला ओढून दिला. मायक्रोमीटरमध्ये धरला, रॅचेट फिरवला, टक टक वाजलं की थांबायचं, वाचा आता. पहिल्यांदा कोणालाच वाचता येईना, मग एक जण म्हणाला शून्य पॉईंट शून्य आठ मिलिमीटर. मग काय, प्रत्येकाला आपला केस मोजायचाय! एकाचा सहा शतांश, एकीचा नऊ, भांडणं लागली कोणाचा जाड म्हणून, सरांना सुद्धा डोक्यावरचे शिल्लक होते त्यातला एक द्यायला लागला. मग मी एक जॉब उचलला आणि सांगितलं, हा बोअर, म्हणजे हे आतलं भोक, ठरलेल्या मापापेक्षा वीस मायक्रॉननं मोठा झाला ना, म्हणजे तुमच्या केसाच्या पाव जाडीएवढा, की हा तुकडा भंगारात. भोक तपासायची दांडी असते, प्लग गेज, तिची एक बाजू आत गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये. गो, नो गो. त्यावर ती केस देणारी मुलगी गेज हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, मी बघतो की." (आमच्याकडं मुली पण बघतो, जातो, येतो असंच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.) तिनं अकरा पीस चेक केले आणि एक बाजूला काढला. मी परत लावून बघितला, बरोबर होतं तिचं, नो गो आत जात होता. खरं सांगते, अंगावर काटा आला माझ्या.

तिच्या आईला मी नंतर भेटले. आयटीआय म्हटल्याबरोबर चेहरा पडला, "मार्क चांगले आहेत हो तिला." हीच तर गोची आहे. आयटीआय म्हणजे नापासांची जागा असं डोक्यात पक्कं बसलंय. आता हिशोब बघा. दोन वर्षांचा ट्रेड करा, फिटर, टर्नर, मशिनिस्ट कुठलाही, मग डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, ती दोन वर्षं, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला, ती तीन. झाली सात. अकरावी बारावी करून इंजिनियर व्हायला सहा लागतात. दहावीनंतर डिप्लोमा, मग डिग्री, तरी सहाच. एक वर्ष जास्त, पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात काम आहे, आणि मध्येच घरची अडचण आली तर पोरगी उपाशी राहत नाही. बारावी सायन्स करून मध्येच थांबलेल्याच्या हातात काय असतं? मी थांबलेली आहे, मला विचारा.

आता कोणी म्हणेल ही बाई सगळ्यांना कारखान्यात घालायला निघाली. नाही हो. कारखान्याचं मी सोनेरी चित्र काढणार नाही. नवीन ऑपरेटर ठेकेदाराच्या नावावर लागतो, बारा बारा तासांच्या शिफ्ट असतात, परमनंट हा शब्द आता म्हातारे लोकच वापरतात. त्या चौदांतली तीन पोरं बाहेर आल्याआल्या म्हणाली मॅडम, एवढ्या आवाजात आम्हाला नाही जमणार. मी म्हटलं शाब्बास! अर्ध्या दिवसात आणि फुकटात कळलं. माझ्या वर्गातल्या एकाला हे डिग्रीच्या चौथ्या वर्षी कळलेलं, तो आता बँकेत आहे, सुखात आहे, पण चार वर्षं आणि बापाची अर्धा एकर जमीन गेली त्यात.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २०१६ ला दहावीच्या पोरांची कल चाचणी सुरू केली, सात क्षेत्रं होती त्यात, कृषी, ललित कला, वाणिज्य, आरोग्य वगैरे. आमच्या शेजारच्या पोरीचा कल आला 'गणवेषधारी सेवा'. तिची आई रडकुंडीला येऊन माझ्याकडं, "वॉचमन व्हायचं का हो पोरीनं?" कागद वाईट नव्हता, पण त्या माऊलीला पोलीस स्टेशन आतून कसं असतं, फॉरेस्टवाली बाई दिवसभर कुठं फिरते, फायरब्रिगेडमध्ये आग नसते तेव्हा काय करतात, हे कोणी दाखवलं होतं? तिनं बघितलेला गणवेष म्हणजे अपार्टमेंटच्या गेटवरचा. कल बिल सगळं ठीक, पण जे बघितलंच नाही त्याचा कल कसा काय असणार? मेथीची भाजी चाखल्याशिवाय आवडते का नाही कसं सांगायचं?

म्हणून माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये जे कोण आहात त्यांना विचारतेय. नर्सिंगवाल्या आहात दोघी तिघी, एक वकील आहे, एक जण पॅथॉलॉजी लॅब चालवतो, एक ग्रामसेवक आहे, एकीची बेकरी आहे, राहुरीला शिकून रोपवाटिका टाकलेला एक भाऊ आहे. सुट्टीत दोन पोरं अर्धा दिवस बाजूला उभी करा. भाषण नको, संघर्षाची गोष्ट तर अजिबात नको. कंटाळवाणं काम असेल ते पण दाखवा, रजिस्टर भरणं दाखवा, गिऱ्हाईक शिव्या देतं ते पण ऐकू दे. आणि पोरांनी पगार विचारला तर खरा सांगा.

भाच्याचं राहिलंच. तो शॉपमध्ये मशीनपाशी थांबलाच नाही. केस पण मोजला नाही. मी शोधायला गेले तर हा डिस्पॅचला, म्हणजे माल बाहेर पाठवतात तिथं, आमच्या कारकुनाच्या खुर्चीमागं उभा. गाडीतल्या मालाचं ते ई वे बिल म्हणजे काय, ठरावीक रकमेच्या वरच का, गाडी वाटेत बंद पडली तर त्या बिलाचं काय, असं डोकं खात होता त्या बिचाऱ्याचं. घरी जाताना मला विचारतो, "मावशी, ती गाडी चाकणला माल टाकून येताना रिकामी येते का गं?" मी वीस वर्षं तिथं आहे, माझ्या डोक्यात हा प्रश्न कधी आला नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात त्याला एका ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडं बसवला, दोनच दिवस, बहिणीला सांगितलं माझ्याकडं आलाय. (ती हे वाचणार आहे. सॉरी.) दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन, मागं हॉर्न वाजतायत, आणि हा ओरडून सांगतोय की गोव्याला गेलेल्या गाडीला परतीचा माल मिळेना, मालक तीन जणांना फोन करतायत, डिझेल अंगावर बसणार, आणि मावशी मी आज जेवायला उशिरा येतो.

अकरावीचा फॉर्म आता सगळ्या राज्यात ऑनलाईन आहे, दहा पसंतीक्रम टाकता येतात, आणि पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळं पहिल्या ओळीत काय टाकायचं यावरून घरात महाभारत चालू आहे. बहीण म्हणते सायन्स, भाचा म्हणतो कॉमर्स, भावोजी म्हणतात टोकनचे पाच हजार परत देतात का ते आधी विचारा. मी पावती बघितली. देत नाहीत, खाली बारीक अक्षरात लिहिलंय.