‘लागले तर पुन्हा बिल्ड करू’ : डिबग सिम्बॉल टाकून देण्याच्या सल्ल्याचा प्रतिवाद

मोबाइल ॲप तयार करणाऱ्या मंडळींमध्ये गेली काही वर्षे एक सल्ला वेगवेगळ्या शब्दांत फिरतो आहे. त्याचा सारांश असा: फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींचे ॲप बनवणारी साधने) घेतले की कोड एकच राहतो, म्हणून बिल्डची, म्हणजे कोडपासून चालणारे ॲप तयार करण्याची, व्यवस्थाही एकच राहते, ती एकदा चालू झाली की तिला हात लावू नये, रिलीजनंतर डिबग सिम्बॉलचा (यंत्रभाषेतला पत्ता मूळ कोडमधल्या फाइल, फंक्शन आणि ओळीशी जोडणाऱ्या माहितीचा) उपयोग नसतो, ते सर्व्हरवरची जागा अडवतात आणि कोड उघडा पाडतात, तेव्हा ते पुसून टाकावेत, क्रॅशच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवा बाकीचे पाहून घेतात, आणि तरीही कधी गरज पडलीच, तर गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातला तोच कमिट (त्या वेळच्या कोडची नोंद) काढून पुन्हा बिल्ड करता येते. यातल्या बहुतेक विधानांत थोडेफार तथ्य आहे आणि त्यामुळेच नव्याने काम सुरू करणाऱ्यांना हा सल्ला सहज पटतो. त्याची किंमत बिल्ड करताना कळत नाही. ॲप लोकांच्या हातात कोसळू लागते आणि कारण शोधायला बसावे लागते, तेव्हा ती कळते. म्हणून यातला एकेक मुद्दा घेऊन तो कुठे चुकतो हे सविस्तर मांडतो.

पहिला मुद्दा ‘एकच कोड, एकच बिल्ड’ हा. आपण फ्लटरच्या डार्ट या भाषेत लिहिलेला कोड सामाईक असतो हे खरे. पण फ्लटरच्या रिलीज बिल्डमध्ये त्याचे थेट यंत्रभाषेत रूपांतर होते आणि ते प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळे होते. डिबग माहिती वेगळी काढण्याचा पर्याय देऊन अँड्रॉइडचे बंडल तयार केले, तर ३२-बिट आर्म, ६४-बिट आर्म आणि ६४-बिट इंटेल अशा तीन स्वतंत्र सिम्बॉल फाइल मिळतात. याशिवाय जावा-कोटलिन भागाची नावे आखूड करणाऱ्या आर-एट या साधनाची मॅपिंग फाइल (आखूड आणि मूळ नावांची जुळणी) असते, आणि एखाद्या प्लगइनमध्ये सी++ कोड असेल तर त्याच्या प्रत्येक लायब्ररीचे सिम्बॉल असतात. आयओएसच्या बाजूला डार्टची आणखी एक सिम्बॉल फाइल आणि त्याखेरीज डीएसवायएम (ॲपलच्या पद्धतीच्या सिम्बॉल फाइल): मुख्य ‘रनर’चे वेगळे, डार्ट कोड ज्यात असतो त्या ‘ॲप’ फ्रेमवर्कचे वेगळे आणि फ्लटरच्या इंजिनाचे वेगळे. इंजिनाचे सिम्बॉल तर आपल्या बिल्डमधून तयारच होत नाहीत, कारण इंजिन आधीच बांधून आलेले असते. आपण वापरलेल्या नेमक्या आवृत्तीचे सिम्बॉल फ्लटरकडूनच घ्यावे लागतात. सामाईक कोडमुळे लेखनाचे श्रम वाचतात, पण जपून ठेवायच्या वस्तूंची यादी एकाच प्लॅटफॉर्मसाठी लिहिलेल्या ॲपपेक्षा लांबते. आपल्याकडे अजूनही ३२-बिट अँड्रॉइड चालवणारे स्वस्त फोन वापरात आहेत आणि त्यांच्यावरून आलेला क्रॅश ६४-बिट सिम्बॉल फाइलने उलगडत नाही, ही साधी गोष्टसुद्धा ‘एकच बिल्ड’ या समजुतीमुळे नजरेआड होते.

रिलीजनंतर सिम्बॉल निरुपयोगी असतात, हा दुसरा मुद्दा. ते कशासाठी लागतात हे क्रॅश अहवालाची एक ओळ पाहिली तरी कळते. आयओएसच्या अहवालात प्रत्येक ओळीवर आधी बायनरीचे (यंत्रभाषेतल्या फाइलचे) नाव असते, मग ज्या सूचनेवर अंमलबजावणी होती तिचा स्मृतीतला पत्ता, मग ती बायनरी स्मृतीत जिथून सुरू झाली तो पत्ता, आणि शेवटी ‘+ ४९६५६’ असा एखादा आकडा. सुरुवातीचा पत्ता ऑपरेटिंग सिस्टिम सुरक्षेसाठी मुद्दाम बदलत राहते, त्यामुळे त्यावरून काही बोध होत नाही. शेवटचा आकडा मात्र बायनरीच्या आरंभापासूनचे बाइटमधले अंतर असतो आणि तो त्या बिल्डपुरता पक्का असतो. ४९६५६व्या बाइटवर कोणत्या फाइलमधल्या कोणत्या फंक्शनची कितवी ओळ आहे, कंपायलरने तिथे दुसरे एखादे छोटे फंक्शन आत सामावून घेतले आहे का, हे फक्त त्या बिल्डचे डीएसवायएम सांगू शकते. रिॲक्ट नेटिव्हमध्ये हर्मिस इंजिनासाठी जावास्क्रिप्टचे बाइटकोडमध्ये रूपांतर होते, आणि रिलीजमधल्या स्टॅक ट्रेसमध्ये (क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) जवळजवळ प्रत्येक नोंद ‘ओळ १, स्तंभ काही लाख’ अशी येते. तिथून मूळ फाइलपर्यंत पोचायला दोन सोर्स मॅप (रूपांतरित कोडमधली जागा मूळ ओळीशी जोडणाऱ्या फाइल) लागतात, एक बंडल तयार करणाऱ्या मेट्रोचा आणि एक हर्मिसच्या कंपायलरचा. ते दोन्ही जोडून एकसंध केले नाहीत तर हाती चुकीची ओळ येते.

सिम्बॉल कोड उघडा पाडतात ही भीती रास्त आहे, पण तिच्यावरचा उपाय चुकीचा सांगितला जातो. लोकांच्या फोनवर जाणाऱ्या पॅकेजमधून सिम्बॉल काढून घेणे आवश्यकच आहे. सोर्स मॅप पॅकेजमध्ये जाऊ देणे किंवा सर्वांना दिसेल अशा सर्व्हरवर ठेवणे निश्चितच धोक्याचे आहे. मात्र पॅकेजमधून काढणे आणि आपल्याकडूनही नष्ट करणे या दोन वेगळ्या कृती आहेत. नावे अस्पष्ट करण्याची पद्धतच असे गृहीत धरते की उलट दिशेने जाण्याची किल्ली ॲप बनवणाऱ्याकडे, मर्यादित लोकांच्या हाती, सुरक्षित राहील.

आता सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा: गरज पडली तर त्याच कमिटवरून पुन्हा बिल्ड करता येईल. ॲपलच्या अधिकृत दस्तऐवजातच स्पष्ट केले आहे की बायनरी आणि डीएसवायएम यांची जोडी यूयूआयडी या ओळखक्रमांकाने बांधलेली असते, आणि तोच सोर्स, तेच एक्सकोड (ॲपलचे बिल्ड साधन), त्याच सेटिंग्ज वापरून केलेल्या दुसऱ्या बिल्डचे डीएसवायएम पहिल्या बिल्डसाठी चालत नाही. अँड्रॉइडच्या सी++ लायब्ररींमध्ये हेच काम बिल्ड आयडी करतो. तो लिंकरने (कोडचे तुकडे जोडणाऱ्या साधनाने) तयार केलेल्या फाइलच्या मजकुरावरून काढला जात असल्यामुळे कंपायलरची आवृत्ती, प्रकल्प ठेवलेल्या फोल्डरचा मार्ग किंवा कोडमध्ये मिसळलेली तारीख यांतले काहीही बदलले तरी तो बदलू शकतो. बाइटन्‌बाइट तंतोतंत तेच बिल्ड पुन्हा काढणे अशक्य नाही. डेबियन (लिनक्सची एक प्रणाली) आणि एफ-ड्रॉइड (मुक्त अँड्रॉइड ॲपांचे भांडार) या प्रकल्पांनी ते साधण्यासाठी वर्षानुवर्षे पद्धतशीर काम केले आहे, आणि ते काम किती बारकाईचे आहे हे पाहिले की कमिट क्रमांक हाती असणे म्हणजे बिल्ड हाती असणे नव्हे, हे ध्यानात येते.

कमिटमध्ये आपला कोड असतो, पण तो कोड ज्यांच्या आधारावर बांधला गेला त्या गोष्टी बाहेर असतात आणि त्या आपल्याला न विचारता बदलतात. याचे ठळक उदाहरण रिॲक्ट नेटिव्हचेच आहे. ४ नोव्हेंबर २०२२ पासून जगभरच्या रिॲक्ट नेटिव्ह ॲपांचे अँड्रॉइड बिल्ड एकाएकी फसू लागले आणि त्या ॲपांच्या कोडमध्ये कोणी एक ओळही बदललेली नव्हती. तेव्हाच्या प्रचलित साच्यात रिॲक्ट नेटिव्हच्या लायब्ररीची आवृत्ती नेमकी न लिहिता अधिकचे चिन्ह टाकलेले असे, म्हणजे ‘जी सर्वात नवी मिळेल ती’. तोवर ती लायब्ररी प्रकल्पाच्या स्वतःच्या फोल्डरमधूनच मिळत असल्यामुळे यात धोका दिसला नव्हता. मात्र ०.७१ची पूर्वचाचणी आवृत्ती मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक भांडारात प्रकाशित होताच, जुन्या प्रकल्पांच्या ग्रेडलने (अँड्रॉइडच्या बिल्ड साधनाने) तीच ‘सर्वात नवी’ म्हणून उचलली. रिॲक्ट नेटिव्हच्या टीमला ०.६३ पर्यंत मागे जाऊन जुन्या आवृत्त्यांसाठी दुरुस्त्या काढाव्या लागल्या. त्या दिवशी एखाद्या टीमला महिन्यापूर्वीच्या रिलीजचे सिम्बॉल त्याच कमिटवरून पुन्हा काढायचे असते, तर तिचे बिल्डच उभे राहिले नसते.

भांडारे बंदही पडतात. अँड्रॉइडच्या असंख्य लायब्ररी ज्यावर होत्या ते जेसेंटर बंद करण्याची घोषणा ते चालवणाऱ्या जेफ्रॉग कंपनीने फेब्रुवारी २०२१मध्ये केली, आणि फक्त तिथेच असलेल्या लायब्ररींवर उभ्या प्रकल्पांना धावपळ करावी लागली. ॲपलच्या बाजूला प्रत्येक एक्सकोड ठरावीक मॅकओएस आवृत्त्यांवरच चालते, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचे बिल्ड पुन्हा काढायचे तर तेव्हाचे मशीनही तेव्हाच्याच स्थितीत जपलेले असावे लागते. ते कोणी जपत नाही. जपण्यासारखी लहान आणि स्वस्त वस्तू सिम्बॉल फाइल हीच आहे.

पुन्हा केलेल्या बिल्डचे सिम्बॉल जुन्या क्रॅशला लावण्यात आणखी एक धोका आहे आणि माझ्या मते तो सर्वांत गंभीर आहे. जुळणी न झाल्यास प्रत्येक साधन चूक दाखवतेच असे नाही. ‘ॲड्र-टू-लाइन’ या पत्त्यावरून ओळ शोधणाऱ्या साधनाला जी फाइल दिली जाते, तिच्यात त्या पत्त्यावर जे फंक्शन असेल त्याचे नाव ते निमूटपणे सांगते. दोन बिल्डमध्ये थोडासाच फरक असेल तर उत्तर अगदी विश्वसनीय वाटते: फाइल ओळखीची, फंक्शन ओळखीचे, ओळही संभाव्य. मग टीम निर्दोष फंक्शनची तपासणी करत बसते, त्यात एखादी ‘दुरुस्ती’ही करते, आणि खरा दोष पुढच्या रिलीजमध्ये जसाच्या तसा जातो. काहीच न कळणे यापेक्षा परवडते.

क्रॅश सेवा सगळे पाहून घेतात, या मुद्द्याला थोडक्यात उत्तर पुरेल. अँड्रॉइड बंडलमध्ये आर-एटची मॅपिंग फाइल आपोआप जाते हे बरोबर आहे. पण सी++ लायब्ररींचे सिम्बॉल जावेत यासाठी ग्रेडलमध्ये वेगळी सूचना द्यावी लागते, आणि अस्पष्ट केलेल्या डार्ट कोडचे अँड्रॉइड सिम्बॉल फायरबेसच्या क्रॅशलिटिक्स या क्रॅश नोंदवणाऱ्या सेवेला आज्ञा देऊन स्वतः पाठवावे लागतात. आयओएसबद्दल ‘ॲप स्टोअर कनेक्टवरून डीएसवायएम उतरवून घ्या’ असा जुना सल्ला अजून दिला जातो. तो बिटकोडच्या (अर्धवट रूपांतरित कोड ॲपलला पाठवण्याच्या पद्धतीच्या) काळातला आहे, जेव्हा अंतिम बायनरी ॲपलकडे तयार होत असे. २०२२मध्ये एक्सकोड १४ने बिटकोड मोडीत काढले आणि तेव्हापासून डीएसवायएम आपल्याच बिल्डमध्ये तयार होते, आपणच ठेवले तर राहते. शिवाय सेवाही कायमच्या नसतात: मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ ॲप सेंटरच्या बहुतेक सुविधा ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाल्या. सेवेकडे प्रत पाठवावी, पण मूळ आपल्याकडे असावे.

चालू बिल्डला हात लावू नये, या मुद्द्यामागची भावना मी समजू शकतो, कारण शुक्रवारी संध्याकाळी ग्रेडलची आवृत्ती बदलणे कोणालाच नको असते. परंतु यात आवृत्ती पक्की करणे आणि आवृत्ती गोठवणे यांची गल्लत होते. फ्लटर, ग्रेडल, जेडीके (जावाची साधने), एनडीके (अँड्रॉइडची सी++ साधने) आणि प्रत्येक लायब्ररी यांची आवृत्ती नेमकी लिहून ठेवलीच पाहिजे. ती बदलण्याचा निर्णय आपला असावा, भांडाराचा नसावा. मात्र वर्षानुवर्षे न बदलण्याची मुभा प्लॅटफॉर्म देत नाहीत. २४ एप्रिल २०२५ पासून ॲप स्टोअरवर जाणारे ॲप एक्सकोड १६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीने बांधलेले असणे बंधनकारक झाले. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांना लक्ष्य करणाऱ्या ॲपांना प्ले स्टोअरवर १६ केबी आकाराच्या स्मृती-पानांना पाठिंबा देणे अनिवार्य झाले. एनडीकेची २८वी आवृत्ती तशी रचना मूळातच करते, पण आपल्या प्लगइनमध्ये कोणी जुन्या एनडीकेने बांधलेली तयार लायब्ररी असेल, तर तिचा मूळ लेखक नवी काढेपर्यंत आपण अडकतो. २०२३मध्ये अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइनची ८.० आवृत्ती आली तेव्हा तिने जेडीके १७ मागितले आणि प्रत्येक मॉड्यूलने स्वतःचे नेमस्पेस (स्वतंत्र ओळखनाव) घोषित करण्याची सक्ती केली. देखभाल थांबलेली फ्लटर प्लगइन्स त्या एका अटीवर कोसळली. जी टीम दर तिमाहीला एकेक घटक पुढे नेते, तिला अशा मुदतीत एकच गाठ सोडवावी लागते. गोठवून बसलेल्या टीमला पाच गाठी एकदम सोडवाव्या लागतात आणि तेही स्टोअरची तारीख डोक्यावर असताना.

मग करायचे काय, तर रिलीजचे पॅकेज जिथे ठेवतो तिथेच, त्याच बिल्डमधून निघालेले सर्व सिम्बॉल, मॅपिंग आणि सोर्स मॅप ठेवावेत, आणि त्यांची नोंद ॲपच्या आवृत्ती क्रमांकावर न करता यूयूआयडी व बिल्ड आयडीवर करावी. आवृत्ती क्रमांक पुरत नाही याचे कारण रिॲक्ट नेटिव्ह वापरणाऱ्यांना माहीत आहे: स्टोअरला वळसा घालून नवे जावास्क्रिप्ट बंडल थेट फोनवर पाठवता येते, आणि मग ‘४.२.०’ या एकाच क्रमांकाखाली वेगवेगळे कोड चालू असतात. ‘ड्वार्फडम्प’ या साधनाने पॅकेजमधल्या बायनरीचा आणि डीएसवायएमचा यूयूआयडी ताडून पाहण्याची पायरी सीआयमध्येच (आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेतच) घालावी आणि तो जुळला नाही तर रिलीज थांबवावे. त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे प्रत्येक रिलीज उमेदवारात (रिलीजआधीच्या अंतिम चाचणी बिल्डमध्ये) लपवलेल्या बटणाने मुद्दाम क्रॅश घडवणे, एकदा डार्ट किंवा जावास्क्रिप्टमध्ये आणि एकदा नेटिव्ह कोडमध्ये, आणि दोन्हींचा अहवाल फाइल व ओळीसकट वाचता येतो की नाही हे पाहणे.

पुण्या-मुंबईच्या सेवा कंपन्यांत हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण तिथे ॲप बांधणारी टीम एक असते, करार संपल्यावर सांभाळणारी दुसरी असते, आणि हस्तांतरणाच्या यादीत सोर्स कोड, साइनिंगच्या किल्ल्या व स्टोअरची खाती यांचीच नावे असतात. या यादीत सिम्बॉलचा संग्रह आणि साधनांच्या नेमक्या आवृत्त्या यांची भर घालावी. संग्रहातली फाइल पुसण्याची मुदत दिवसांवर ठरवू नये. स्टोअरच्या आकडेवारीत ती आवृत्ती चालवणारा एकही फोन उरला नसेल, तेव्हाच ती पुसावी.