वजनाबद्दलही लिहायला हवं होतं

१९६०च्या दशकातल्या अमेरिकन ड्रॅग गाड्यांवरचा (सरळ रस्त्यावरच्या पाव मैलाच्या शर्यतींसाठीच्या गाड्या) तुमचा लेख आवडला, पण त्यांच्या वेगाचं सगळं श्रेय मोठ्या इंजिनांना दिलंय, ते पटलं नाही. अर्धी लढाई वजनाची होती.

१९६४ ची फोर्ड फेअरलेन थंडरबोल्ट घ्या. ४२७ घन इंचाचं इंजिन होतंच, पण बॉनेट आणि पुढचे मडगार्ड फायबरग्लासचे, रेडिओ नाही, हीटर नाही, शेजारच्या सीटसमोरचा वायपरसुद्धा गायब! पुढच्या चार दिव्यांपैकी आतले दोन काढून तिथे जाळी बसवली आणि जाड नळ्यांतून बाहेरची थंड हवा थेट हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरकडे नेली. बॅटरी डिकीत, म्हणजे मागच्या चाकांवर भार येऊन पकड वाढते. किती बारीक विचार केलाय बघा.

१९६३ च्या हलक्या पाँटिॲक कॅटलिनाची तर चासीच (खालचा सांगाडा) भोकं पाडून हलकी केली होती. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे पाइप) ॲल्युमिनियमचे, इंजिन जास्त वेळ चाललं तर वितळायची भीती. पाव मैलापुरते ते पुरायचे. अशा जेमतेम १४ गाड्या बनल्या. त्याच वर्षी जानेवारीत पाँटिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सने शर्यतींतून अंग काढून घेतलं.

माझी सगळ्यात लाडकी मात्र १९६८ ची डॉज कंपनीची हेमी डार्ट (हेमी हे तिच्या इंजिनाचं नाव). दरवाजांचा पत्रा ॲसिडने पातळ केलेला, मागची सीट नाही, काच वर ओढायला हँडलऐवजी पट्टा. आणि ही गाडी कंपनीच्या डीलरकडे विकत मिळायची, फक्त वॉरंटी नसायची! पुढचा लेख हिच्यावर लिहाच.